डब्याचं दूध बंद!

दाजी, तुम्ही गेलात ही बातमी जालन्यात हळू आवाजात फिरली, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. नाक्यावरचा एक जवान कचेरीच्या पायरीपाशी आला, माझ्या कानाशी लागला आणि कुजबुजला, "मुन्शीजी, तुमचे दाजी गेले." अरे, कुजबुजतोस काय? ज्या माणसानं जन्मात एक गोष्ट हळू सांगितली नाही, ज्याच्या शिंकेनं नाक्यावरचे बैल बुजायचे, त्याच्या जाण्याची खबर अशी चोरून द्यायची? मला वाटलं, हलगी घ्यावी आणि सदर बाजारात उभं राहून ओरडावं. पण माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच म्हणायचात, "तर्जुमेवाले, तुमच्या आवाजानं तर झोपलेलं मांजर बी उठत न्हाई." म्हणून लिहायला बसलोय. वाचून झालं की मोठ्यानं शिव्या द्या, मला चालेल.

तर्जुमेवाले हे नाव तुम्ही ठेवलेलं. हैदराबादहून उर्दूत आलेले हुकूम मराठीत उतरवायचे हे माझं तहसील कचेरीतलं काम. आणि तुमचं काम स्टेशनाजवळच्या करोडगिरी नाक्यावर उभं राहून मुंबईकडून आलेला माल अडवायचा, पेट्या उघडून बघायच्या आणि महसूल भरल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही. मी शब्द अडवायचो, तुम्ही माल. दोघांचंही खाणं सरकारचं, पण तुमच्या कमरेला पट्टा होता आणि माझ्या बोटांना शाई, एवढ्यावरून तुम्ही मला जन्मभर चिडवलंत. मीही काही कमी नव्हतो म्हणा. मेव्हण्यानं दाजीला सोडायचं नसतंच.

माझी बहीण, तुमची द्वारका, आपली द्वारकाअक्का गेली तेव्हा मात्र आपली दोघांचीही थट्टा आटली. गोदी पाळण्यात होती, अजून मान धरत नव्हती. अक्काचे दिवस झाले आणि आई गोदीला दुपट्यात गुंडाळून निघाली. आमच्या घरात चार म्हशी, दोन गाई, वाटूरच्या वाटेवरचं आमचं सगळं गावच गवळ्यांचं. लेकराला दुधाची काय कमी? पण तुम्ही दारात आडवे उभे राहिलात, नाक्यावर गाडी अडवावी तसेच.

"मामी, माझं लेकरू माझ्यापाशी ऱ्हाईल."

"अन् पाजताल काय? पगडी पिळून?"

"डब्याचं दूध मिळतंय. इलायती. तान्ह्या लेकरांसाठीच असतंय ते."

आईला तुम्ही चापट मारली असतीत तरी एवढी लागली नसती. "गवळ्याची नात अन् डब्याचं दूध!" ती म्हणाली. "ठेवा मंग. पण लेकरू रडाया लागलं तर माझ्या दारात दूध मागाया येऊ नका."

"मेलो तरी येणार न्हाई."

तुम्ही ते दारात म्हणालात, पण तुमचा आवाज! नाक्याच्या सगळ्या चाळीनं ऐकलं. आता शब्द मागं घ्यायची सोयच राहिली नाही. गोदी तुमच्याजवळ राहणार की आजीकडं जाणार, हे सगळं त्या एका डब्यावर येऊन टेकलं. जालन्यातले गवळी बहुतेक आईच्या नात्यातले, म्हणून त्यांच्याकडूनही थेंबभर दूध घ्यायचं नाही अशी आण तुम्ही घेतली होती. हट्टी माणूस!

पण खरं सांगू दाजी, त्या दिवसांत मी तुमच्यावर जेवढा खूष होतो तेवढा कधीच नव्हतो. जुम्म्याच्या सुट्टीला मी यायचो तेव्हा तुम्ही मांडी घालून बसलेले, मिशा पाण्यानं चोपून बसवलेल्या, लेकराला टोचू नयेत म्हणून. डब्यातलं घट्ट दूध चमच्यानं काढायचं, कोमट पाण्यात एकाच बाजूला फिरवत राहायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचा, मग फडक्याचं टोक बुडवून गोदीच्या ओठाला लावायचं. डब्यावर गुटगुटीत गोऱ्या बाळाचं चित्र होतं. ते तुम्ही तिला दाखवायचात, "बघ बाई, असं व्हायचं. ह्याच्यावरून जराबी कमी न्हाई." एवढा दांडगा गडी आणि त्या चित्राशी चुरस करून राहिला होता.

मी दोघांमधला निरोप्या. पण निरोप कसले? आई कधी विचारायची नाही की नात कशी आहे. ती विचारायची, "नाक्यावर सगळं बराबर हाय ना?" आणि तुम्ही कधी विचारायचा नाहीत की मामी कशा आहेत. तुम्ही विचारायचात, "तुमची ती चांदी गाय दूध देती का अजून?" मी इकडं सांगायचो नाका बराबर आहे, तिकडं सांगायचो चांदी दूध देते, आणि दोघंही समाधानानं दुसऱ्या विषयाकडं वळायचे.

आणि मग तो हुकूम आला.

लिफाफा मीच फोडला. बाहेरून आलेल्या डब्यांच्या दुधात बिघाड निघाला होता. कुठल्याशा जहाजात खालच्या मालाला पाणी लागलं, डबे गंजले, आतलं दूध नासलं, आणि तोच माल स्वस्तात गावोगाव पोचला होता. ठिकठिकाणी लेकरं आजारी पडली होती. हुकूम असा की, नाक्यावर आलेली दुधाची प्रत्येक पेटी उघडावी. फुगलेला, गंजलेला, चेपलेला डबा सरकारी डॉक्टरांसमोर बाजूला काढावा. दुकानात गेलेले डबे परत मागवून पुरावेत. चांगल्या डब्यांवर लाखेचा शिक्का झाल्याशिवाय पुढं विक्री करू नये. आणि आजच्या आज दवंडी द्यावी. मी तर्जुमा केला, शाई वाळायच्या आत कागद घडी केला आणि सायकल अशी हाणली की पायातली एक चप्पल मोंढ्याजवळ पडली ती कायमची.

तुम्ही नाक्यावर नव्हतात. घरी होतात, गोदी खांद्यावर. कालपासून तिचं पोट बिघडलेलं.

"गर्मी झाली असंल," तुम्ही म्हणालात.

मी कागद वाचून दाखवला. तुम्ही फळीवरचे तीन डबे काढलेत, एकेक उजेडात धरलात. दोन बरे. तिसऱ्याचं झाकण वर आलेलं, रोटी फुगते तसं. तुम्ही त्यात दाभण घातलं आणि काय फुस्स आवाज आला! त्या वासानं मी अंगणात पळालो. तुम्ही तिथंच उभे होतात, गोदीचं डोकं हातानं झाकून. एवढा मोठा माणूस असा पांढरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"हाच आज उघडणार होतो," तुम्ही म्हणालात. आणि दाजी, तेवढं एक वाक्य तुम्ही हळू बोललात.

लगेच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरसाहेबांनी पोट दाबून पाहिलं, पावडर दिली. म्हणाले, बाळ सावरेल, पण आजपासून डबा बंद. गाईचं ताजं दूध, उकळून, पाणी घालून, थोडं थोडं. तुम्ही मान डोलवलीत. गाईचं दूध म्हणजे काय, हे डॉक्टरांना काय माहीत! गाईचं दूध म्हणजे मामीचं दार.

पण तुम्ही रडत बसला नाहीत. हे मला तुमचं फार आवडायचं. म्हाताऱ्या दवंडीवाल्याला ताप भरला होता, कचेरीत सगळे विचारात पडलेले, आणि तुम्ही गोदीला शेजारच्या बाईंच्या मांडीवर ठेवून थेट साहेबांसमोर येऊन सलाम ठोकलात. "हुजूर, हलगी मला द्या." साहेबांनी कानावर हात ठेवून मंजुरी दिली.

काय दिवस होता तो! तुम्हाला हलगी वाजवता येत नव्हती, नुसती बडवत होतात, पण आवाज! सदर बाजाराच्या या टोकाला ओरडलात की त्या टोकाची बाई दारात येत होती. "समद्यांना खबर हो! डब्याचं दूध बंद! कुणी इकू न्हाई, कुणी लेकराला पाजू न्हाई! डबे नाक्यावर आणून द्या, जल्दी!" बाया डबे पदराखाली घेऊन धावत आल्या. एका शेठजींनी गुळाच्या पोत्यांमागं पेटी दडवली होती. तुम्ही आत गेला नाहीत, हात लावला नाहीत, नुसते त्यांच्या दुकानासमोर उभे राहिलात आणि तीच दवंडी पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शेवटी शेठाणीच पेटी ढकलत बाहेर आली आणि म्हणाली, "घ्या बाबा, पण गप व्हा!" सगळा बाजार हसला. कुंडलिका नदीच्या पलीकडं खड्डा खणला, डॉक्टरसाहेब रुमाल नाकाला लावून उभे, आणि जवानांनी कुदळीच्या टोकानं डबे फोडायला सुरुवात केली. फुस्स, फुस्स, फुस्स! प्रत्येक फुस्सला लोक ओरडत होते, जणू कुस्ती चालली होती. मी आपला काठावर एका चपलेनिशी उभा, आणि छाती अशी फुगलेली, की हा हुकूम मी उतरवलाय! माझे शब्द याच्या तोंडून गावभर गेलेत!

आता तो वाद. दाजी, तुम्ही नाहीत म्हणून मी तो सोडणार नाही. मी लिहिलं होतं, "विलायतेहून आलेल्या बंद डब्यांतील दूध." तुम्ही ओरडलात, "डब्याचं दूध." पुढचं मुंडकं तुम्ही छाटलंत. तुमचं म्हणणं, माझ्या वाक्याला एका दमात मावत नाही एवढी लांबी होती. ते काही असो. बाजारात त्या वेळी गवळी बसले होते. त्यांनी नुकत्याच जुन्या घागरी मोडीत काढून झाकणाचे पत्र्याचे डबे घेतलेले. त्यांनी काय ऐकलं? डब्याचं दूध बंद! बिचारे आपापले डबे उचलून गुपचूप गावाकडं चालू लागले. इकडं इलायती दूध खड्ड्यात, तिकडं गावरान दूध पळालेलं. दुपारनंतर जालन्यात चहालासुद्धा दूध नव्हतं. शेजारच्या बाईंनी घरातलं होतं तेवढं वाटीभर दूध गोदीला पाजलं. नंतर तेही संपलं. आणि तुम्ही हलगीसकट कुठं गेलात, कुणालाच माहीत नव्हतं.

मला माहीत आहे, कारण मी तोवर सायकलनं गावी पोचलो होतो. आईला काही सांगायची हिंमत होत नव्हती. दिवस मावळत होता, मी पाय धूत होतो, आणि गावाच्या वेशीकडून ती बेताल हलगी ऐकू आली. तुम्ही चालत आला होतात, गुडघ्यापर्यंत धूळ. आमच्या घरासमोर, पण दारापासून लांब, लिंबाखाली थांबलात. आमच्याकडं पाहिलंही नाहीत. तोंड आभाळाकडं करून ओरडलात,

"खबर हो! डब्याचं दूध बंद! तान्ह्या लेकरांना गाईचं दूध पाजा! हुकूम हाय!"

शेवटच्या शब्दाला तुमचा आवाज चिरला. आई चौकटीला हात लावून उभी होती. तुम्ही पाठ फिरवलीत आणि आल्या वाटेनं चालू लागलात.

मी घाईघाईनं समजावायला गेलो, "आई, ते इलायती डब्याचं—"

"मला कळतंय," ती म्हणाली. "डब्यात दूध न्यायला बंदी झाली."

"अगं न्हाई, तसं न्हाई—"

"तू गप. डब्यात न्यायचं न्हाई, तर गायच न्यावी लागंल. हुकूम हाय."

आणि तिनं चांदीचं दावं सोडलं. वासराला पुढं घातलं. गाव बघतच राहिलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारलं, "काकू, गाय कुठं?" तर पुन्हा तेच, "हुकूम हाय. डब्याचं दूध बंद झालंय, गाय दारात नेऊन पिळायची." आमच्या गावात आईचं बोलणं म्हणजे शेवटचं बोलणं.

तुम्ही अर्ध्या वाटेत मागं वळून पाहिलंत का हो? आई सांगायची, की तुम्ही पुढं चालत होता, ती मागं गाय घेऊन, दोघांत हाकेचं अंतर, आणि जालना येईपर्यंत ना तुम्ही थांबलात ना तिनं हाक मारली. फक्त तुमची चाल कमी झाली होती म्हणे, गरोदर बाईसाठी करतात तशी. चांदीची चाल संथ होती ना.

दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते? अहो, सदर बाजारात गाईच गाई! म्हशीच म्हशी! सगळे गवळी हुकुमाचे ताबेदार होऊन जनावरं घेऊनच आले. दुकानासमोर धारा निघताहेत, बाया तांब्या घेऊन रांगेत, एक म्हैस कापडवाल्याच्या गादीवर चढलेली, शेण इतकं की तहसीलदारसाहेबांना घोड्यावरूनच यावं लागलं. आपल्या दोघांना समोर उभं केलं. "ये क्या तमाशा है?" मी म्हणालो, हुजूर, दवंडी चुकली. तुम्ही म्हणालात, हुजूर, तर्जुमा चुकला. तेवढ्यात डॉक्टरसाहेब हातात पेला घेऊन आले आणि म्हणाले, पाणी न घातलेलं दूध जालन्यात मी आज पहिल्यांदा पाहतोय. साहेबांनी पेला घेतला, रिकामा केला, मिशी पुसली आणि आपल्याला सोडून दिलं. आपण दोघं कचेरीच्या मागं जाऊन पोट धरून हसलो. अक्का गेल्यानंतरचं ते आपलं पहिलं हसणं.

नाक्याच्या चाळीत चांदी बांधलेली होती. आई गोदीला मांडीवर घेऊन पाजत होती. तुम्ही दारात उभे राहिलात, या वेळी आडवे नाही, एका बाजूला. आता ही लेकरू उचलून नेणार, असं तुमच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आई वर न बघता म्हणाली, "जावईबापू, गाईला जागा नवीन हाय. एकटी ऱ्हायची न्हाई. मी बी ऱ्हाते चार रोज."

"ऱ्हावा की मामी," तुम्ही म्हणालात. "चांदीसाठी ऱ्हावा."

ते चार रोज आईच्या शेवटापर्यंत संपले नाहीत. चांदी गेली, तिची कालवड आली, तिचीही कालवड आली, आणि प्रत्येक नवी गाय एकटी राहत नव्हती. गोदी बापाच्या घरात आजीच्या मांडीवर वाढली. त्या डब्यावरचं बाळ तिच्यापुढं काय होतं!

पुढं चांगले डबे आले. तुम्ही प्रत्येक डबा कानापाशी धरून हलवायचात, बोटानं टिचकी मारायचात, मगच शिक्का. व्यापारी कावायचे, तुम्ही ऐकायचा नाहीत. गाड्यांची रांग लागली तरी नाही. कुणाच्या तरी पाळण्यापाशी तो डबा जाणार, हे तुमच्या डोळ्यांपुढून कधी हटलंच नाही. आणि तुम्ही रुसलात की मी म्हणायचो, "दाजी, झाकण वर आलंय, दाभण आणू का?" तुम्ही हलगीएवढ्या आवाजात ओरडायचात, आणि चाळीला कळायचं, मेव्हणा आलाय. आता त्या चाळीत जायला मी धजत नाही. ओरडणार कोण?

पण एक गोष्ट मी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारली आणि तुम्ही पुन्हा पुन्हा फुगलात. आमच्या गावाला दवंडी द्यायला का आलात? तुमचं उत्तर एकच, "हुकूम होता."

दाजी, तो हुकूम मी उतरवला होता. ओळ न् ओळ मला पाठ आहे. तो फक्त जालना शहराच्या हद्दीपुरता होता. आमच्या गावाचं त्यात नाव नव्हतं. आणि सगळं गाव गवळ्यांचं, तिथं डब्याचं दूध कुणी डोळ्यांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. मला हे त्याच संध्याकाळी कळलं. आईला तर माझ्याआधी कळलं. मागायला येणार नाही म्हणालेला माणूस मागायला आला नाही. सरकारचा माणूस होऊन आला. आणि आईनं तुम्हाला दूध दिलं नाही. तिनं सरकारचा हुकूम पाळला. तुमचा शब्द राहिला, तिचाही राहिला, आणि गोदी जगली. किती शहाणे होतात हो तुम्ही दोघं, आणि किती वेडे! मी नुसता कागदावरचा तर्जुमा करत राहिलो, तुम्ही दोघांनी न बोलता तो केलात.

काल गोदी आमच्या ओसरीवर बसली होती. तिचं तान्हं झोळीत झोपलेलं. डोळे सुजलेले, तरी मध्येच हसत होती, तुमच्या गोष्टी सांगत होती. मग एकदम म्हणाली, "मामा, एक सांगा. आपल्या गावात डब्याचं दूध कुणी घेतच नव्हतं म्हणं. मंग बाबा तिथं दवंडी द्यायला कशापायी आल्ते?"

ती माझ्याकडं बघत होती. डोळे अक्काचे, पण नजर रोखायची तऱ्हा तुमची, नाक्यावरची.

मी घसा साफ केला, दाजी. आणि तुमची शपथ, जन्मात पहिल्यांदा इतक्या मोठ्यानं बोललो की झोळीतलं लेकरू दचकून उठलं.

"हुकूम होता!"